जुन्या बेलराची चाल

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया संस्थानांत लँकेस्टर नांवाचा एक परगणा आहे. मे महिन्याच्या अखेरीच्या सुमारास तेथें गवत व लसूणघास यांची कापणी जोरांत असते आणि त्या दिवसांत शेतकऱ्याचें सारें लक्ष आभाळाकडे लागलेलें असतें. कापलेलें गवत दोन-तीन उन्हें खाऊन वाळलें, दांताळ्यानें ओढून त्याच्या लांबच लांब ओळी घातल्या, कीं तें पावसाच्या आधीं गासड्यांत बांधून कोठारांत नेणें एवढेंच काम उरतें. हें काम करणाऱ्या यंत्रास बेलर म्हणतात. नव्या बेलराची किंमत लहान शेतकऱ्यास झेपत नाहीं. म्हणून चाळीस, पन्नास, क्वचित् साठ वर्षांपूर्वीं तयार झालेलीं यंत्रें तेथें व अमेरिकेच्या इतर भागांतहि अजून नेमानें कामाला जुंपलीं जातात.

अशा यंत्राविषयीं त्याच्या मालकाच्या मनांत एक प्रकारची कणव असते. म्हाताऱ्या बैलाला जसें कोणी दामटीत नाहीं, तसें या म्हाताऱ्या यंत्रालाहि सांभाळून घ्यावें, असें त्याला वाटतें. मग तो ट्रॅक्टरचें थ्रॉटल थोडें मागें ओढतो, एंजिनाचा आवाज खालीं येतो, यंत्राची धडधड मंद होते आणि आपण यंत्राचें आयुष्य वाढविलें असें समाधान त्याला लाभतें. ही कणव चांगल्या मनाची खूण खरी; पण बेलराच्या बाबतींत ती उलटी पडते. मंद चालविलेला जुना बेलर अधिक तुटतो, अधिक अडतो आणि ज्या दिवशीं पाऊस दारांत उभा असतो नेमका त्याच दिवशीं शेताच्या मध्यावर बंद पडतो. असें कां होतें, हें समजण्यास यंत्राच्या पोटांत काय चालतें तें थोडें पाहिलें पाहिजे.

कापसाच्या गासड्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस गवताच्या गासडीची कल्पना सहज येईल. मात्र ही गासडी एका माणसाला उचलतां यावी एवढीच असते. उंची १४ इंच, रुंदी १८ इंच, लांबी सुमारें ३ फूट आणि वजन बहुधा ४० ते ६० पौंड. बेलर ट्रॅक्टरच्या मागें, पण किंचित् एका बाजूस सरकून चालतो. पुढच्या दांतेरी रुळानें ओळींतील गवत वर उचललें जातें आणि तेथून लोखंडी बोटें तें आडवें ढकलून एका लांबट पेटींत भरतात. त्या पेटींत एक जड दट्ट्या मागेंपुढें धांवत असतो. दट्ट्या मागें गेला कीं पेटीचें तोंड उघडें होतें व गवताचा एक घांस आंत येतो. दट्ट्या पुढें आला कीं त्याच्या कडेला बसविलेली सुरी तो घांस पेटीच्या कडेवरील स्थिर सुरीशीं कातरून तोडते, आणि मग दट्ट्या त्याला आधींच्या गवतावर रेटून बसवितो. असे बारा-पंधरा घांस एकावर एक बसले म्हणजे गासडीची लांबी भरते. ती भरल्याची वर्दी एक कांटेरी चाक देतें. लागलीच दोन मोठीं दाभणें खालून सुतळी घेऊन वर येतात, वरील लोखंडी चोंची तिची गांठ मारतात, सुतळी कापली जाते, आणि दट्ट्या आपली पुढची खेप सुरू करतो.

गांठ मारण्याची ही युक्ति विस्कॉन्सिनमधील जॉन ॲपलबी या कारागिरानें १८७८ च्या सुमारास धान्याच्या पेंढ्या बांधण्यासाठीं सिद्धीस नेली. गवताच्या गासडीपर्यंत ती पोंचावयास मात्र पुष्कळ काळ लागला. तोंवर शेतांतून फिरणाऱ्या बेलरावर दोन माणसें दोन बाजूंस बसून तारा ओंवीत व हातांनीं पिळून बांधीत. नाकातोंडांत धूळ, कानाशीं दट्ट्याचे ठोके, आणि दिवस मावळेपर्यंत तेंच काम! १९३० नंतरच्या दशकांत लँकेस्टर परगण्यांतील एडविन नोल्ट या शेतकरी-कारागिरानें सुतळीनें आपोआप बांधणारें यंत्र तयार केलें. त्याच परगण्यांतील न्यू हॉलंड गांवच्या, त्याच नांवाच्या कंपनीनें १९४० च्या सुमारास तें हातीं घेतलें आणि पुढील कांहीं वर्षांत गवत बांधण्याची सारी रीतच पालटली. आज चालणाऱ्या जुन्या बेलरांची वंशावळ बहुतांशीं तेथवर जाते.

या यंत्राला शक्ति मिळते ती ट्रॅक्टरच्या पाठीमागें बाहेर आलेल्या एका फिरत्या दांड्यापासून. आपल्याकडील ट्रॅक्टरवाले त्याला पी.टी.ओ. या तीन अक्षरांनीं ओळखतात. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें १९१८ सालीं असा दांडा असलेले ट्रॅक्टर बाजारांत आणले. पुढें प्रत्येक कारखानदार स्वतःच्या मनाप्रमाणें दांड्याची गति ठेवूं लागला तर एकाचें अवजार दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला चालेना. म्हणून १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कृषि-यंत्रविशारदांच्या संस्थेनें त्याचें प्रमाण बांधून दिलें. तें पुढें मिनिटाला ५४० फेरे असें कायम झालें. मिनिटाला १००० फेऱ्यांचा दुसरा दांडा पुष्कळ उशिरां आला. त्याला ६ ऐवजीं २१ खांचा असतात. जुन्या लहान बेलरांचें गणित बहुधा ५४० वरच बसविलेलें असतें. त्या गतीनें दांडा फिरला म्हणजे दट्ट्या मिनिटाला साधारणपणें ६० ते ८० ठोके देतो. नेमका आंकडा यंत्रागणिक वेगळा असतो आणि तो यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तकांत छापलेला असतो.

आतां ५४० च कां? दट्ट्याचें काम सर्व वेळ सारखें नसतें. मागें जातांना तो जवळजवळ रिकामा असतो. पुढें येतांनाहि बराच मार्ग मोकळा असतो. सारा भार पडतो तो गवत कातरण्याच्या आणि दाबण्याच्या क्षणीं. एवढा क्षणिक भार एकट्या ट्रॅक्टरानें उचलावा म्हटलें तर फार मोठें एंजिन लागेल. म्हणून बेलराच्या पुढील भागीं एक भलें जड चाक बसविलेलें असतें, त्याला फ्लायव्हील म्हणतात. दट्ट्या रिकामा धांवत असतां या चाकांत शक्ति सांठते आणि कातरण्याच्या क्षणीं तें ती परत देतें. घरच्या जात्यावर दळणाऱ्या बाईला या गोष्टीचें मर्म पुस्तकावांचून ठाऊक असे. वरची तळी गतींत आली कीं तीच दाण्यांवरून पुढें जाते. गति मोडली कीं प्रत्येक फेऱ्याला खांद्यांतून जोर काढावा लागतो.

फिरत्या चाकांत सांठणारी शक्ति मात्र गतीच्या सरळ प्रमाणांत नसते. ती गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. जुना बेलर हळू चालविणाऱ्याला चकवितें तें हेंच. दांडा ५४० ऐवजीं ४५० फेरे करूं लागला तर गति फक्त एक-षष्ठांशानें उतरली; पण चाकांतील शक्ति शंभर भागांवरून ६९ भागांवर आली. ४०० वर ती ५५ भाग राहते. आणि २७० वर, म्हणजे अर्ध्या गतीला, अवघी चतुर्थांश! गवत कातरण्यास लागणारा जोर कांहीं त्या मानानें कमी होत नाहीं. चाकानें जें दिलें नाहीं तें ट्रॅक्टरला, मधल्या दांड्याला, दंतचक्रांना द्यावें लागतें. म्हणून मंद चालणारा बेलर प्रत्येक ठोक्याला ट्रॅक्टरला हिसका देतो, आणि चालकाला आसनावर बसल्या बसल्या तो जाणवतो. त्याला वाटतें कीं यंत्र थकलें, आणि तो थ्रॉटल आणखी मागें ओढतो.

यावर कोणी म्हणेल कीं, सावकाश गेलें म्हणजे गवतहि सावकाशच आंत येईल. मग भार वाढेल कसा? शंका वाजवी आहे, म्हणून तिचा हिशेब मांडून पाहणें बरें. समजा, ट्रॅक्टर ताशी ३ मैल चालला आहे आणि दट्ट्या मिनिटाला ७५ ठोके देत आहे. ताशी ३ मैल म्हणजे मिनिटाला २६४ फूट. तेव्हां एका ठोक्यास ओळींतील सुमारें साडेतीन फूट गवताचा घांस झाला. आतां थ्रॉटल कमी करून दांडा ४०० वर आणला. जुन्या ट्रॅक्टरांत चाकें व दांडा दोन्हीं एकाच एंजिनावर, ठराविक दांत्यांच्या प्रमाणांत फिरतात. एंजिन मंदावलें कीं दोन्हीं सारख्याच मानानें मंदावणार. ट्रॅक्टर मिनिटाला १९६ फुटांवर येतो, ठोके साडेपंचावनांवर येतात, आणि भागाकार केला तर घांस पुन्हां तोच, साडेतीन फुटांचा! घांस रतिभर कमी झाला नाहीं. तो गिळण्याची शक्ति मात्र जवळजवळ निम्म्यावर आली. हा हिशेब इंग्रजी चौथीच्या मुलालाहि जमेल, पण शेतांत तो कोणी करीत नाहीं.

याच्या उलट, थ्रॉटल जागेवर ठेवून नुसता गिअर खालचा घातला आणि ट्रॅक्टर ताशी २ मैलांवर आणला, तर ठोके ७५ च राहतात आणि घांस सुमारें २ फूट ४ इंचांचा होतो. चाक पूर्ण शक्तीनें फिरतें आणि त्याच्यापुढें येणारें काम एक-तृतीयांशानें हलकें होतें. जुन्या यंत्राला सांभाळण्याची खरी रीत हीच. यंत्राची चाल थ्रॉटलनें एकदां लावून द्यावी, आणि शेतांतील चाल गिअरनें कमीजास्त करावी. ओळ दाट असेल तेथें खालचा गिअर, विरळ असेल तेथें वरचा. जात्याच्या मुखांत घालावयाच्या मुठीला आपल्या भाषेंत वैरण म्हणतात, आणि गुरांच्या चाऱ्यालाहि वैरणच म्हणतात. येथें दोन्हीं अर्थ एकत्र आले आहेत. जातें अडूं लागलें तर शहाणी बाई मूठ लहान करते, हात मंद करीत नाहीं.

लँकेस्टर परगण्यांतील अमिश पंथाचे लोक शेतांत ट्रॅक्टर ओढकामाला वापरीत नाहींत. परंतु बेलराला त्यांची ना नाहीं. ते बेलरावर स्वतंत्र एंजिन बसवितात आणि तें सारें घोड्यांकडून अथवा खेंचरांकडून ओढवितात. तेथें यंत्राची चाल एंजिनाच्या हातीं, व शेतांतील चाल जनावरांच्या पायांत! गवत दाट आलें कीं हांकणारा लगाम आंवळतो, खेंचरें पाऊल आखडतात, आणि दट्ट्या मात्र आपल्या ठरल्या ठोक्यांनीं चालत राहतो. ट्रॅक्टरवाल्याला जी गोष्ट समजून घ्यावी लागते, ती या लोकांच्या पद्धतींतच अंगभूत आहे, हें मोठें मौजेचें आहे.

बेलराच्या चाकापाशीं एक साधा बोल्ट असतो, त्याला शिअर बोल्ट म्हणतात. भार मर्यादेबाहेर गेला तर प्रथम यानें तुटावें आणि बाकीचें यंत्र वांचवावें, म्हणून तो मुद्दाम नरम लोखंडाचा ठेवलेला असतो. मंद चालविलेल्या बेलरांत हा बोल्ट वारंवार तुटतो. एका दुपारीं चार वेळां तुटला कीं माणसाचा धीर सुटतो, आणि मग हातीं लागेल तो कठीण पोलादाचा बोल्ट तेथें ठोकला जातो. याहून वाईट उपाय नाहीं. पुढल्या खेपेस बोल्ट शाबूत राहतो आणि दाभण मोडतें, किंवा दंतपेटी फुटते. जुन्या यंत्राची दंतपेटी मिळवावयास भंगारवाल्यांचीं अंगणें धुंडाळावीं लागतात. तोंवर गवत शेतांत काळें पडतें.

आपल्या यंत्राची गति योग्य आहे हें ओळखावें कसें? जुन्या ट्रॅक्टरावरील गतिदर्शक घड्याळ बहुधा केव्हांच बंद पडलेलें असतें, आणि चालू असलें तरी त्याच्यावर भरंवसा ठेवणें धाडसाचें. एंजिनाच्या आवाजावरून अदमास करणारे पुष्कळ आहेत. त्यांतले खरे जाणते थोडे. सर्वांत सोपी रीत म्हणजे हातांतलें घड्याळ. रिकामा बेलर चालू करून, बाजूस सुरक्षित अंतरावर उभें राहून, दट्ट्याचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजावे आणि पुस्तकांतल्या आंकड्याशीं ताडून पाहावे. पुस्तकांत ७५ असून मोजणींत ६२ आले, तर थ्रॉटल पुढें सरकवून पुन्हां मोजावे. आंकडा जुळला कीं थ्रॉटलच्या पट्टीवर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. मग दाट ओळींत चालत असतां दुसऱ्या माणसाकडून तेच ठोके मोजून घ्यावे. थोडी घट पडेल, तितकी क्षम्य आहे. परंतु भार येतांच ठोके पुष्कळ उतरत असतील तर एंजिनाचा गतिनियामक ढिला झाला आहे, किंवा ट्रॅक्टरच त्या कामास अपुरा आहे, असें समजावें.

गति बरोबर असून, खालचा गिअर घालूनहि हिसके बसतच असतील, तर दोष सुऱ्यांत पाहावा. दट्ट्यावरील व पेटीवरील सुऱ्या बोथट झाल्या, किंवा त्यांच्यामधील फट वाढली, म्हणजे गवत कातरलें न जातां ओढलें व चिरडलें जातें. अशा गासडीच्या एका कडेला लांब शेंड्या लोंबत राहतात; वस्ताऱ्यानें न्हाव्याची चूक झांकावी तशी ती कोणाला झांकतां येत नाहीं. कधीं गवतच ओलसर असतें. ओलें गवत कातरावयास जड जातें आणि पेटींत सरकतहि नाहीं. शिवाय गासडींत शेंकडा वीसहून अधिक ओल राहिली तर ती तापते, बुरसते, आणि कोठारांत रचल्यावर आपोआप पेट घेण्याचाहि संभव असतो. त्या वेळीं यंत्राला दोष देण्यापेक्षां एखादें ऊन थांबणें श्रेयस्कर.

गासडी सोडून पाहिली असतां यंत्राच्या चालीचा सारा इतिहास तींत वाचतां येतो. सुतळी कापतांच गासडी आपोआप घड्याघड्यांनीं सुटते. प्रत्येक घडी म्हणजे दट्ट्याचा एक ठोका. तीन फुटांच्या गासडींत अशा बारा-पंधरा घड्या निघाल्या तर गवताचा पुरवठा ठीक आहे. सात-आठच निघाल्या तर घांस फार मोठा होता, आणि प्रत्येक ठोक्याला यंत्रानें दुप्पट ओझें सोसलें आहे. पंचवीस-तीस निघाल्या तर ट्रॅक्टर उगाच रेंगाळला. सुऱ्यांनीं गवत नाहक बारीक केलें आणि पानें झडलीं. गासडी केळ्यासारखी वांकडी निघाली तर पेटींत एका बाजूस गवत जास्त व दुसऱ्या बाजूस कमी पडत आहे असें जाणावें. अशी गासडी कोठारांतल्या थरांत नीट बसत नाहीं, आणि तिची सुतळी एका बाजूला ढिली राहून निसटते.

गतीचा अतिरेकहि तितकाच वाईट. जो नियम मंद चालीला लागू, तोच उलट बाजूनें येथेंहि लागतो. दट्ट्या जड असतो, आणि प्रत्येक फेरींत दोनदां त्याला थांबवून उलट फिरवावा लागतो. गति वाढली कीं या उलटापालटीचा ताणहि वर्गाच्याच प्रमाणांत वाढतो. झिजलेल्या जुन्या सांध्यांना तो सोसत नाहीं. दाभणें आपल्या जागीं थांबण्याऐवजीं पुढें झेंप घेतात, गांठी चुकतात. लसूणघासाचें पौष्टिक सत्त्व मुख्यतः पानांत असतें, आणि तींच पानें झडून मातींत जातात.

ओळ संपून वळण घेतांना जुन्या ट्रॅक्टरांची एक अडचण पुढें येते. त्यांत क्लच दाबला कीं चाकें व दांडा दोन्हीं एकदम सुटतात. चाकें थांबवून दांडा फिरता ठेवणें शक्य नसतें. दांडा स्वतंत्र फिरत ठेवणारा ट्रॅक्टर कॅनडांतील कॉकशट कंपनीनें १९४६ च्या सुमारास आणला आणि मग इतरांनीं ती सोय उचलली. त्याहून जुन्या घडणीचा ट्रॅक्टर असेल तर दाट ढिगापाशीं पोंचण्यापूर्वींच गिअर उतरवावा, कारण तेथें जाऊन क्लच दाबला तर बेलरहि मंदावतो व घांस तोंडांतच अडकतो. दुसरें असें कीं, क्लच दाबला तरी बेलरचें जड चाक फिरतच असतें, आणि तें दांड्याच्या द्वारें उलट ट्रॅक्टरला पुढें ढकलतें. ब्रेक दाबूनहि ट्रॅक्टर कुंपणांत अथवा ओढ्यांत घुसावा, अशी ही गोष्ट आहे. तिला आळा घालणारी, एकाच दिशेनें जोर देणारी जोडणी मिळते. ती नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरला बेलर जोडूंच नये.

गवत तुंबलें असतां खालीं उतरून हातानें अगर पायानें तें आंत लोटण्याचा मोह आवरला पाहिजे. चालू बेलरचा दांतेरी रूळ माणसाची बाही ज्या वेगानें ओढतो, त्या वेगानें माणसाला हात सोडवितां येत नाहीं. दांडा बंद करावा, एंजिन थांबवावें, जड चाक पूर्णपणें उभें राहीपर्यंत वाट पाहावी आणि मगच जवळ जावें. सुतळीची गांठ अडकली म्हणून चालू यंत्रांत बोट घालणें हाहि त्यांतलाच प्रकार.

महाराष्ट्रांतहि आतां उसाचें पाचट गोळा करून गासड्या बांधणारीं यंत्रें ट्रॅक्टरांमागें दिसतात, आणि पंजाबांत भाताच्या पेंढ्यासाठीं तीं चालतात. यंत्रें नवीं असलीं तरी दट्ट्याच्या जातीच्या लहान बेलरांना बहुधा ५४० चा हाच नियम लागू आहे. इकडील कित्येक नव्या ट्रॅक्टरांत एंजिन मंद ठेवूनहि दांडा ५४० वर फिरविण्याची काटकसरीची सोय असते. ती हलक्या अवजारांसाठीं आहे. बेलराच्या हिसक्यांना लागणारा एंजिनाचा राखीव जोर त्या सोयींत उरत नाहीं, म्हणून डिझेल वांचविण्यासाठीं ती येथें वापरूं नये.

हंगाम संपला म्हणजे पेटींत राहिलेली अर्धवट गासडी तशीच ठेवून यंत्र छपराखालीं ढकलण्याची चाल सर्वत्र आहे. तें गवत पावसाळी हवेंतली ओल धरून ठेवतें आणि पेटीच्या बाजू आंतून गंजतात. पुढल्या वर्षीं त्या खरखरीत लोखंडावरून पहिल्या गासड्या सरकत नाहींत, आणि गति अचूक असूनहि पहिल्याच दिवशीं शिअर बोल्ट तुटूं लागतात. म्हणून दाबाच्या कमानी सैल कराव्या, पेटी रिकामी करावी आणि तिच्या बाजूंस तेलाचा हात फिरवून मगच यंत्र ठेवून द्यावें.